राइट रिअॅलिझम आणि गुन्हेगारी, रेकॉर्डेड कोर्स: दुसरा भाग जबरदस्त, पहिला सावधपणे बघा

दुसऱ्या भागाला माझ्याकडून पाचपैकी पाच, पहिल्याला दोन, म्हणून वरती साडेतीन स्टार दिसतायत. नुसते साडेतीन बघून कोणी कोर्स सोडून देऊ नका आणि पहिला भाग डोळे झाकून गिळूही नका, एवढं सांगायलाच लिहायला बसलेय. विषय राइट रिअॅलिझम, म्हणजे १९७० च्या दशकात अमेरिकेत आणि नंतर ब्रिटनमध्ये पुढे आलेली, गुन्हेगारीकडे बघायची उजव्या विचारांची पद्धत. सोशिऑलॉजी किंवा क्रिमिनॉलॉजी घेतलेल्या सगळ्यांना हा टॉपिक येतो आणि बहुतेक गाइडमध्ये तो दीड पानात उरकलेला असतो, तीन नावं, चार टीका, झालं. इथे त्याला अख्खा कोर्स दिलाय आणि शिकवणाऱ्या मॅडमना विषय मनापासून आवडतो हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं, त्याचे मार्क आधीच देऊन टाकते.

सुरुवात तर छानच आहे. व्याख्याबिख्या नाही, मॅडम थेट एका कोड्यावर येतात. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लोकांच्या हातात पैसा आला, १९६० च्या दशकात गरिबी कमी होत गेली, सरकारने कल्याणकारी योजनांवर भरपूर खर्च केला, आणि नेमके त्याच काळात गुन्हे वाढत गेले, असं का? गरिबीमुळेच गुन्हे होतात म्हणणाऱ्यांकडे याला सरळ उत्तर नव्हतं. इथे जेम्स क्यू. विल्सन येतो, हार्वर्डचा राज्यशास्त्राचा प्राध्यापक. त्याचं म्हणणं असं की मूळ कारणं शोधत बसलात तरी ती सरकारच्या हातातली नसतात, कुठलंही सरकार घराघरात शिरून आईबापांना प्रेमळ किंवा शिस्तीचं करू शकत नाही, पण पकडलं जायची शक्यता, शिक्षेची खात्री, गुन्हा करायची संधी या गोष्टी सरकार हलवू शकतं, मग जोर तिथे लावा ना. मला त्याचं राजकारण पटत नाही, पण हा मुद्दा पटतो. ज्यांच्या घरात चोरी झालीय त्यांना समाज बदलेपर्यंत थांबा सांगणं बरोबर नाही, आणि चोऱ्यामाऱ्यांचा जास्त त्रास गरीब वस्तीतल्या लोकांनाच होतो. मॅडमनी हे फार नीट मांडलंय.

गाडी घसरते ती पुढच्या तीन लेक्चरमध्ये, म्हणजे कारणांच्या भागात. विल्सन आणि मानसशास्त्रज्ञ रिचर्ड हर्नस्टाइन यांनी १९८५ मध्ये मांडलं की काही माणसांचा कल जन्मतःच गुन्ह्याकडे जास्त असतो, उतावळा स्वभाव, कमी बुद्ध्यांक, अगदी शरीराचा बांधासुद्धा, आणि वर नीट संस्कार झाले नाहीत की गुन्हेगार घडायची शक्यता वाढते. मग अमेरिकन लेखक चार्ल्स मरे. तो १९८९ मध्ये संडे टाइम्स या वर्तमानपत्राच्या बोलावण्यावरून ब्रिटनला आला आणि म्हणाला की सरकारी भत्त्यांवर जगणारा, कामाची सवय नसलेला एक ‘अंडरक्लास’ तयार होतोय, बाप घरात नाही, मुलांसमोर कमावत्या पुरुषाचा आदर्श नाही, म्हणून ती मुलं गुन्ह्याकडे वळतात. मॅडम हे सगळं अशा सुरात सांगतात की जणू दोन अधिक दोन चार. हे या लेखकांचं मत आहे, यावर वाद आहे, पुरावा असा असा आहे, यातलं काहीच नाही. टीका म्हणून शेवटी एक स्लाइड आहे आणि ती चाळीस सेकंदांत पुढे जाते.

हे मला का खटकलं ते जरा सविस्तर सांगते, कारण परीक्षेत मार्क नेमके इथेच जातात. मरेची खूण होती लग्नाबाहेर जन्मणारी मुलं, ती वाढली की गुन्हे वाढणार. अमेरिकेत हे प्रमाण १९९० ला २८ टक्के होतं आणि २००९ ला ४१ टक्के झालं. त्याच काळात तिथले हिंसक गुन्हे वाढायला हवे होते, ते उलट बरेच कमी झाले. इंग्लंड आणि वेल्समध्येही तसंच, १९९५ च्या आसपास गुन्ह्यांनी शिखर गाठलं आणि मग उतरण लागली, लग्नाबाहेरच्या जन्मांचं प्रमाण मात्र चढतच राहिलं. म्हणजे ज्या हत्याराने राइट रिअॅलिस्टांनी गरिबीवाल्यांना पाडलं, की बघा गरिबी घटली तरी गुन्हे वाढले, तेच हत्यार मरेवर उलटतं. पहिल्या लेक्चरमध्ये मॅडम ज्या युक्तिवादावर एवढ्या खूश होत्या तो चौथ्या लेक्चरमध्ये वापरायचं त्यांना सुचू नये याचं मला खरंच वाईट वाटलं.

दुसरी गोष्ट, आतली विसंगती. एका लेक्चरमध्ये गुन्हेगार स्वभावानेच उतावळा, पुढचा विचार न करणारा. त्याच्या पुढच्याच लेक्चरमध्ये तोच गुन्हेगार फायदा किती, धोका किती, पकडलो गेलो तर काय, असा हिशोब करून गुन्हा करायचा की नाही ते ठरवतो. दोन्ही एकाच वेळी कसं? यावर उत्तर देता येतं, रॅशनल चॉइसवाले, म्हणजे गुन्हेगार फायदा-तोटा तोलून ठरवतो असं मानणारे, स्वतःच म्हणतात की हा हिशोब घाईतला, अर्धवट, तेवढ्या क्षणापुरता असतो, पण ते उत्तर कोर्समध्ये असायला हवं होतं, नाहीतर लिहिताना मुलं दोन्ही परिच्छेद एकाखाली एक लिहून टाकतात आणि एकमेकांना छेद देतायत हे त्यांच्या लक्षातच येत नाही.

आता चांगल्याकडे येते. पाचवं लेक्चर, ‘ब्रोकन विंडोज’वरचं, म्हणजे फुटलेली खिडकी तशीच सोडली, बारीकसारीक बेशिस्त चालू दिली, की पुढे मोठे गुन्हे येतात या कल्पनेवरचं. विल्सन आणि जॉर्ज केलिंग यांनी मार्च १९८२ च्या अटलांटिक मासिकात लिहिलेला लेख. तो सगळ्यांनी नावाने ऐकलेला असतो आणि फार थोड्यांनी वाचलेला असतो. मॅडमनी तो परिच्छेदामागून परिच्छेद घेऊन शिकवलाय, आणि म्हणून कळतं की त्याची सुरुवात फुटलेल्या खिडकीने होतच नाही, ती होते न्यू जर्सीतल्या पायी गस्तीने. राज्याने १९७० च्या दशकात २८ शहरांमध्ये पोलिसांना गाडीतून उतरवून पायी फिरवायला पैसे दिले. पाच वर्षांनी न्यूअर्क शहरातला निकाल आला तेव्हा दिसलं की गुन्ह्यांचे आकडे काही कमी झाले नव्हते, पण पायी गस्त असलेल्या भागातल्या लोकांना जास्त सुरक्षित वाटत होतं. लोक मूर्ख आहेत का मग? केलिंग म्हणतो नाही, लोकांना भीती फक्त दरोडेखोराची नसते, त्रास देणाऱ्या, अंगावर येणाऱ्या, रस्ता अडवून बसणाऱ्या माणसांचीही असते आणि ती कमी झाली होती.

यातला सगळ्यात भारी तुकडा म्हणजे त्या गस्तीवरच्या पोलिसाचे नियम. लेखात त्याला ‘केली’ असं नाव दिलंय. दारुडे आणि व्यसनी लोक पायऱ्यांवर बसू शकतात पण आडवं व्हायचं नाही. आडरस्त्यावर प्यायली तर चालेल, मेन चौकात नाही, आणि बाटली कागदी पिशवीत पाहिजे. बसस्टॉपवर उभ्या असलेल्या माणसाशी बोलायला जाणं, त्याला त्रास देणं, त्याच्याकडे पैसे मागणं अजिबात चालणार नाही. दुकानदार आणि गिऱ्हाइकाचं भांडण झालं तर दुकानदार बरोबर धरायचा, विशेषतः गिऱ्हाईक अनोळखी असेल तर. हे नियम कुठल्या कायद्यात नाहीत, रस्त्यावरच्या नेहमीच्या लोकांशी बोलून बोलून बसलेले आहेत, आणि कोणी मोडलेच तर पोलिसाच्या आधी तिथली माणसंच त्याला टोकतात. मॅडम इथे दहा मिनिटं थांबल्यात आणि त्या दहा मिनिटांत पूर्ण थिअरी समजते, कारण दिसतं की मुद्दा दारुड्याला आत टाकायचा नव्हताच, त्याला सांभाळून घेत रस्ता सगळ्यांना वापरता येईल असा ठेवायचा होता. आणि धोकाही तिथेच दिसतो, मॅडमनी तोही दाखवला. लेखातच लिहिलंय की रस्त्यावरचे लोक बहुतेक काळे होते आणि गस्त घालणारा पोलीस गोरा होता. मग अनोळखी कोण, कोणाच्या रेंगाळण्याला संशयास्पद म्हणायचं, हे ठरवणार कोण? हा प्रश्न लेखकांनाही पडला होता आणि त्यांना त्याचं पक्कं उत्तर देता आलं नाही.

मानसशास्त्रज्ञ झिम्बार्डोचा १९६९ चा गाडीचा प्रयोग पण आहे, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये सोडलेली गाडी दहा मिनिटांत लुटायला सुरुवात आणि कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोतली आठवडाभर तशीच, शेवटी त्याने स्वतः हातोडा मारल्यावर येणारेजाणारे सामील झाले वगैरे. तो सगळीकडे असतो त्यामुळे पटकन बघून पुढे जा. त्यापेक्षा नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनचा २००८ चा प्रयोग बघा. पत्रपेटीतून एक पाकीट अर्धं बाहेर लटकतंय, आत पाच युरोची नोट दिसतेय. आजूबाजूला स्वच्छ असताना १३ टक्के लोकांनी ते ढापलं, पेटीवर ग्राफिटी असताना २७ टक्क्यांनी, दुपटीहून जास्त. आणि हे काही अंडरक्लास नाही, रस्त्याने जाणारी साधी माणसं.

सहा ते नऊ या लेक्चरसाठी पैसे दिले तरी वसूल आहेत. सिच्युएशनल प्रिव्हेन्शन, म्हणजे माणूस न बदलता जागा आणि संधी बदलायची. रॉन क्लार्क हा ब्रिटनच्या होम ऑफिसमधला, म्हणजे गृहखात्यातला संशोधक, त्याच्याबरोबर समाजशास्त्रज्ञ कोहेन आणि फेल्सनची १९७९ ची मांडणी, की गुन्हा घडायला तीन गोष्टी एका जागी एका वेळी याव्या लागतात, करणारा, हाताला लागेल असं लक्ष्य, आणि राखण करणारं कोणी नसणं. सुरुवातीच्या कोड्याचं हे मला विल्सनपेक्षा पटलेलं उत्तर आहे. १९६० नंतर बायका नोकरीला लागल्या, घरं दिवसा रिकामी राहायला लागली, आणि टीव्ही वगैरे महागड्या वस्तू एका माणसाला उचलून नेता येतील एवढ्या हलक्या झाल्या. कोणी जास्त वाईट झालं नाही, सोय वाढली. आता इथे कोणी बायकांनी घरीच बसावं असा अर्थ काढू नये म्हणून मॅडमनी दोनदा स्पष्ट केलंय, ते चांगलं केलं, प्रश्न रिकाम्या घराला कुलूप कसलं आहे हा आहे.

पश्चिम जर्मनीच्या हेल्मेटचं उदाहरण मी आयुष्यात विसरणार नाही. १९८० मध्ये तिथे हेल्मेट न घालता मोटरसायकल चालवली की जागच्या जागी दंड सुरू झाला. हेतू फक्त अपघातातले मृत्यू कमी करायचा. पण मोटरसायकलच्या चोऱ्या, ज्या वर्षाला दीड लाखाच्या वर होत्या, त्या १९८६ पर्यंत ५४ हजारांच्या आसपास आल्या. का, तर बरेच जण वाटेत उभी दिसली म्हणून मोटरसायकल उचलायचे, आणि आता उचलायची तर हेल्मेट सोबत हवं, नाहीतर पहिल्याच चौकात पोलीस थांबवणार. मग हे लोक कार चोरायला लागले का? सायकली? त्या प्रमाणात अजिबात नाही. चोरीचा मोठा हिस्सा गेला तो गेलाच, कुठे सरकला नाही. ज्याच्यात चोरी ‘भिनलेली’ आहे तो एका टोपीपायी थांबेल का, हा प्रश्न मॅडमनी विचारलाय आणि मग व्हिडिओ थोडा वेळ शांत ठेवलाय.

याला जोड म्हणून ब्रिटनमधल्या आत्महत्यांची आकडेवारी आहे, विषय जड आहे, मॅडमनी आधी सूचना देऊन अगदी संयमाने हाताळलाय. घरोघरचा कोळशाचा विषारी गॅस जाऊन हळूहळू नैसर्गिक गॅस आला आणि इंग्लंड-वेल्समधल्या वर्षाच्या आत्महत्या १९६३ च्या ५,७१४ वरून १९७५ ला ३,६९३ वर आल्या. एवढ्या खोल निराशेतली माणसंसुद्धा सहज हाताशी असलेला एक मार्ग बंद झाल्यावर मोठ्या संख्येने दुसरीकडे वळली नाहीत. ‘एक दार बंद केलं की दुसरीकडून येतीलच’ हे किती सहज बोलून जातो आपण, आणि ते किती वेळा खोटं ठरतं.

नेहमीच खोटं ठरतं असंही नाही, आणि इथे मॅडम प्रामाणिक आहेत. स्टिअरिंग लॉक पश्चिम जर्मनीत १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला नव्याजुन्या सगळ्या गाड्यांना सक्तीचं केलं, चोऱ्या पडल्या. ब्रिटनने १९७१ पासून फक्त नव्या गाड्यांना लावलं, चोर जुन्या गाड्यांकडे वळले. तीच वस्तू, फरक फक्त अर्धवट लावल्याचा. न्यूयॉर्कच्या सबवेतले दरोडे रोखायला पोलीस वाढवले तेव्हा काही दरोडे वर रस्त्यावर गेले, तेही सांगितलंय.

दहावं लेक्चर मात्र पुन्हा निराश करतं. न्यूयॉर्क, झीरो टॉलरन्स, म्हणजे बारीकसारीक गुन्ह्यालाही अजिबात सूट न देणारी पोलिसी, महापौर जुलियानी, पोलीस कमिशनर ब्रॅटन, १९९४. खून १९९० मध्ये २,२०० च्या वर होते ते १९९८ ला साधारण साडेसहाशेच्या आत आले, हे खरं आहे आणि ही घट लहान नाही, ती नाकारणाऱ्यांवर माझाही राग आहे. पण घट जुलियानी येण्याच्या आधीच सुरू झाली होती, हजारो जादा पोलीस भरती झाले, क्रॅक कोकेनची साथ ओसरली, आणि झीरो टॉलरन्स न करणाऱ्या सॅन दिएगोतही गुन्हे घसरले. यातलं एकही वाक्य लेक्चरमध्ये नाही. नंतर त्याच शहरात रस्त्यात थांबवून झडती घ्यायचा प्रकार २०११ ला ६ लाख ८५ हजारांवर गेला, बहुतेक काळे आणि लॅटिनो तरुण, २०१३ ला कोर्टाने ज्या पद्धतीने ते चाललं होतं ते घटनाबाह्य ठरवलं, झडत्या एकदम कोसळल्या आणि तरी गुन्हे उसळले नाहीत. हे नसेल तर न्यूयॉर्कवरचं लेक्चर अपुरं आहे, दुसरा शब्द नाही. केलिंगला स्वतःला त्याच्या लेखावर झीरो टॉलरन्सचं लेबल लावलेलं आवडत नव्हतं. पाचव्या लेक्चरमध्ये पायरीवर बसू देणारा केली दाखवायचा आणि दहाव्यात ही त्याचीच पुढची पायरी म्हणायचं, हे कसं जुळतं?

कॅलिफोर्नियाच्या १९९४ च्या ‘थ्री स्ट्राइक्स’ कायद्यावर, म्हणजे आधीचे दोन गंभीर गुन्हे असतील तर तिसऱ्याला फार मोठी शिक्षा देणाऱ्या कायद्यावर, पाच मिनिटं आहेत, तीन गोल्फ क्लब चोरणाऱ्या माणसाला २५ वर्षं ते जन्मठेप झाली आणि २००३ ला सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली, एवढं सांगून पुढे. इथे थांबायला हवं होतं, कारण शिक्षा किती मोठी यापेक्षा पकडलं जायची खात्री किती याने माणूस जास्त थांबतो हे संशोधनात पुन्हा पुन्हा आलंय, आणि हा मुद्दा विल्सनच्या लिखाणातूनच काढून दाखवता आला असता.

बाकी तांत्रिक गोष्टी. आवाज स्वच्छ, स्लाइड वाचता येतात, दीडपट वेगाने बघितलं तरी चालतं. सातव्या लेक्चरचे सबटायटल मागे पडतात. क्विझमध्ये एक प्रश्न सरळ चुकीचा आहे, ‘ब्रोकन विंडोज आणि झीरो टॉलरन्स एकच आहेत’ याला ‘बरोबर’ म्हटलं तरच मार्क मिळतो, मी सपोर्टला लिहिलं, बघतो म्हणून उत्तर आलं, अजून तसंच आहे. आणि व्हाइट कॉलर गुन्हे, कंपन्यांचे घोटाळे, घरातली मारहाण यावर एकही मिनिट नाही, घरातल्या मारहाणीत कुलूप आणि कॅमेरा काय करणार हा साधा प्रश्न कोणालाही पडेल. ली आणि यंग यांचा लेफ्ट रिअॅलिझम, म्हणजे गुन्हेगारीकडे बघायची डाव्या विचारांची पद्धत, फक्त नावापुरता येतो, तुलनात्मक प्रश्नासाठी दुसरीकडून वाचावंच लागेल.

घेणार असाल तर क्रम बदलून बघा, आधी पहिलं, मग थेट पाच ते नऊ, आणि मग दोन, तीन, चारकडे या, तेव्हा प्रश्न आपोआप पडतात. नोट्सची पीडीएफ डाउनलोड होत नाही, फक्त ऑनलाइन दिसते आणि अॅक्सेस संपला की तीही जाते, त्यामुळे न्यूअर्कच्या नियमांचं पान आणि हेल्मेटचं टेबल वहीत उतरवून ठेवा, उत्तरात ती दोन सगळ्यात जास्त कामाला येतात.